पेंढ्यात पिकवलेली बाटली

मला दारूतलं फारसं काही कळत नाही, पण एका दारूबद्दल मी कुणाशीही भांडायला तयार असते. ती इटलीची, लाल द्राक्षांची. नाव बरोलो. रंगावर जाऊ नका. रंग कोकम सरबताइतका फिका, ग्लास उजेडात धरला तर कडेला विटेसारखा तांबूस दिसतो, आणि माणसाला वाटतं की हे काहीतरी नाजूक असणार. मग पहिला घोट घ्यावा आणि दोन्ही गाल आतून चिकटावेत. जीभ कोरडी, टाळू कोरडा, दात खरखरीत. कच्चा चिकू चावल्यावर होतं तेच, फक्त इथे वासाला सुकलेला गुलाब आणि रस्त्यावर पिंपात उकळणारं डांबर. ऐकायला विचित्र वाटतं, पण नाकाला छान वाटतं.

हे सगळं मी डहाणूत एका इटालियन पाहुण्यामुळे शिकले. म्हणजे कुठे, तर स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवरा फुग्यांच्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि मी तलासरीला शाळेत मराठी शिकवत होते. रोज सकाळी एसटीने जायचं आणि दुपारी धूळ खात परत यायचं. माहेरही तलासरीचंच. वडील तिथे सरकारी नोकरीत होते, मूळचे देशावरचे. आमच्या घरी रविवारी मटण शिजायचं, सुकं खोबरं आणि कांदा भाजून केलेल्या वाटणाचं, वर बोटभर तर्री. नवऱ्याचं घर चिखल्याचं, चिकूच्या वाडीवाल्यांचं, समुद्राच्या कुशीत मासळीवर वाढलेलं. आमची जात वेगळी होती. लग्न एसटीत जमलं, असं माझी आई कपाळावर हात मारून सांगायची.

लग्नाला माझे सासरे आले, अक्षता टाकल्या आणि निघून गेले. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते. दर रविवारी सकाळी ते चिखल्याहून टोपलीभर चिकू घेऊन यायचे, बाहेरच्या ओट्यावर बसायचे, आणि मी उंबऱ्याशी गेले की नवऱ्याकडे बघून म्हणायचे, "घरून जेवून निघालोय. पोट भरलेला हाय." सकाळी नऊ वाजता! चहासुद्धा घेत नसत. तहान लागली तर वाडीतलं शहाळं सोबत असायचं, येतानाच शेंडा तासून आणलेलं. ते पिऊन झालं की रिकामं शहाळं स्वतः उचलून कुंपणापलीकडे टाकायचे. माझ्या घरातली एक वाटीही त्यांना लागत नसे.

चिकूतलं मात्र त्यांच्यासारखं कुणाला कळत नसे. झाडावरचं फळ नखाने जरासं खरवडायचे. आत हिरवं दिसलं आणि चीक आला, की राहू द्यायचे. नाहीतर झेल्याच्या जाळीत अलगद घेऊन उतरवायचे, धुवायचे, आणि भाताच्या पेंढ्यात पिकत घालायचे. आठ दिवसांत फळ हाताळून, उलटंपालटं करून, वासावर ठरवायचे कुठलं आज, कुठलं उद्या. टोपलीत एक जरी फळ आंबलेलं निघालं तर टोपलीच परत न्यायचे. "उतरलेला फळ मी कुणाला पिकलेला म्हणून देनार नाय," असं बाजारात ठणकावून सांगायचे. त्यांच्या ह्या एका गोष्टीचा मला आदर होता. बाकी सगळ्याचा राग.

तर तो इटालियन. कारखान्यात जुनं यंत्र आलं होतं, ते बसवायला त्याला तीन आठवड्यांसाठी धाडलं होतं. बोर्डीला एका लॉजवर उतरला होता. पन्नाशीचा, गोलमटोल, भुवया जाड. त्याचं इंग्रजी माझ्याहून वाईट होतं, त्यामुळे आमचं छान जमलं. जायच्या आधीच्या रविवारी नवऱ्याने त्याला जेवायला बोलावलं. समुद्राकाठी पाहुणा आला आहे, तर मासळीच करायला हवी, म्हणून मी पापलेट तळले, कोलंबीचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या. तो आला तो दोन बाटल्या काखेत मारून. घरून आणलेल्या, त्याच्या गावच्या टेकड्यांवरच्या. ताट बघितलं आणि त्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं कोलंबीत केस निघाला.

"मासे?" तो म्हणाला. "ह्याच्याबरोबर मासे नाही. मांस! मांस!" आणि स्वतःच्या दंडाला चिमटा काढून दाखवला.

माझ्या नवऱ्याला कुठली गोष्ट नको म्हटली की तीच हवी असते. त्याने हट्टाने एक बाटली उघडायला लावली. तळलेल्या पापलेटचा घास आणि वर ती वाइन, असा प्रयोग आम्ही केला. तोंडात गंजका खिळा धरल्यासारखं लागलं. पापलेटही वाया गेला आणि वाइनही. नवऱ्याने मग आप्पांनी आणलेला चिकू खाऊन पाहिला, गोडावर बरी लागेल म्हणून. उलट कडू झाली, औषधाच्या काढ्यासारखी. इटालियन दोन्ही हात डोक्यावर धरून आमच्याकडे पाहत होता.

आप्पा बाहेर ओट्यावर बसले होते. तुरट म्हटल्यावर नवऱ्याला तेच आठवले. त्याने थोडी वाइन इटालियनने सोबत आणलेल्या काचेच्या पेल्यात घालून त्यांच्यापुढे धरली. मला वाटलं नाही म्हणतील. पण सीलबंद बाटली, परमुलखातून आलेली, माझ्या चुलीला न लागलेली. आणि ताडी तर ते हिवाळ्यात रोज सकाळी प्यायचेच. त्यांनी पेला घेतला, घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले.

"कच्ची हाय ही," ते म्हणाले. "माल बरा हाय. पन चीक गेला नाय अजून. घाईनं काढली."

इटालियनने मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, कच्ची आहे म्हणतात. तो ताटावरून उठला, तसाच खरकट्या हाताने बाहेर गेला आणि त्याने आप्पांना मिठीच मारली. बरोबर! अगदी बरोबर! ही वाइन दहा वर्षं ठेवायची असते. मगच ती मऊ होते. त्याच्या गावात म्हणे पोर जन्मलं की बाटल्या ठेवतात, त्याच्या लग्नात उघडतात. आप्पांचा सदरा कालवणाने माखला, पण ते पहिल्यांदाच ओट्यावर हसताना दिसले. दुसरी बाटली इटालियनने माझ्या नवऱ्याला न देता आप्पांच्या हातात ठेवली. आडवी ठेवा, अंधारात ठेवा, थंड जागी ठेवा. मी ते आप्पांना सांगितलं.

"पेंढ्यात घालतो," आप्पा म्हणाले.

ह्याचं भाषांतर मी केलं, "नीट सांभाळीन म्हणतात." पेंढा ऊब धरतो, फळ पिकतं ते त्या उबेनेच, हे त्या परक्या माणसाला कोण समजावत बसणार? पुढे जे झालं त्यात माझ्या ह्या आळसाचाही वाटा आहे.

मग इटालियनने आणखी एक गोष्ट सांगितली. ही वाइन एकट्याने प्यायची नाही आणि नुसतीही प्यायची नाही. मांस शिजवायचं, माणसं एकत्र बसवायची, आणि मगच उघडायची. मला आयतीच संधी मिळाली. मी आप्पांकडे सरळ बघत, शब्द तोडून तोडून सांगितलं, "तो म्हणतोय, ही बाटली मटणाबरोबरच प्यायची असते. सगळ्यांनी एका पंगतीला बसून."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याला विचारलं, "मटन कोन करनार?"

"हीच करणार. दुसरं कोण?" नवरा म्हणाला.

आप्पांनी शहाळं संपवलं, बाटली पंच्यात गुंडाळली आणि बस गाठायला गेले. इटालियनही दोन दिवसांनी गेला, तो कायमचा.

उघडलेल्या बाटलीत अर्धी वाइन उरली होती. मंगळवारी मी मुद्दाम मटण आणलं. आईच्या पद्धतीने केलं, चरबीचे तुकडे न काढता. आणि तेव्हा कळलं तो माणूस दंडाला चिमटे का काढत होता. आधी घोट, तोंड कोरडं ठाक. मग रश्श्यात बुडवलेल्या भाकरीचा घास. तर्री जिभेवर पसरली आणि तो तुरटपणा जणू कामाला लागला. तेलकटपणा त्याने धुऊन काढला, मटणाने त्याची धार मोडली. भांडखोर पाहुण्याच्या हाती वाढप दिलं की तो कसा गोड वागतो, तसंच. पुढचा घास पुन्हा पहिल्या घासासारखा लागत होता. लाल तिखट जास्त झालं तर मात्र दोघांचं भांडण व्हायचं, तोंड नुसतं पेटायचं. मिरी चालत होती, भाजलेलं खोबरं तर फारच. नवऱ्याने हाड चोखत विचारलं, "आप्पांनी हे खाल्लं तर काय म्हणतील गं?" मी म्हटलं, "पोट भरलेलं आहे म्हणतील." आम्ही हसलो. पण मला हसू काही मनापासून आलं नव्हतं.

दीड वर्षाने मुलगी झाली. बारशाला मी, ओली बाळंतीण, बायकांचं न ऐकता स्वतः शिरा केला. का, तर आप्पा नातीच्या बारशाला तरी तोंड गोड करतील. ते आले, नातीच्या पायांत चांदीचे वाळे घातले, तिला मांडीवर घेऊन बसले. दुकानातून आणलेला पेढा खाल्ला. मी शिऱ्याची वाटी पुढे केली. त्यांनी वाटीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं आणि म्हणाले, "घरून जेवून निघालोय."

मी ती वाटी आत नेली आणि शिरा मोरीत ओतला. साजूक तुपातला. त्या दिवसापासून मी आप्पांना 'जेवून जा' म्हणणं बंद केलं. आधी दर रविवारी म्हणायचे, तोंडदेखलं का होईना. आता तेही नाही. ते आले की मी आत काम काढायचे.

आणि गंमत म्हणजे त्याच सुमाराला ते माझ्याशी बोलायला लागले. विषय एकच. "बाटली बरी हाय," उंबऱ्यातून सांगायचे. "काल फिरवली." दर आठ दिवसांनी फळं उलटीपालटी करताना ते बाटलीही फिरवायचे. वर्षानुवर्षं. गणपतीला चिखल्याला गेले तेव्हा मी माळ्यावर चढून पाहिली. कौलांच्या अगदी खाली, चिकूंच्या शेजारी, पेंढ्याच्या गादीवर ती बाटली आडवी पडली होती. माळा असा तापलेला की माझ्या पाठीवरून घाम ओघळला. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, ही इथे शिजतेय." तो म्हणाला, "आप्पांना तू सांगणार का?" मी कशाला सांगू? माझ्याशी त्यांचं नातं बाटलीपुरतं, आणि बाटलीचं काही का होईना. खाली थोरल्या जाऊबाई ताटं वाढत होत्या. तिथे आप्पा पंगतीत बसायचे, मीही बसायचे. चूल जाऊबाईंची होती ना!

अशी नऊ वर्षं गेली. मुलगी शाळेत जाऊ लागली, नवऱ्याने स्कूटर घेतली, आम्ही त्याच दोन खोल्यांना तिसरी जोडली. जानेवारीतला एक रविवार होता. आप्पा आले. टोपली नव्हती. शहाळंही नव्हतं. काखेत पंच्यात गुंडाळलेली बाटली, तिला पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या. ते ओट्यावर न बसता उंबऱ्याशी उभे राहिले. खूप थकलेले दिसले मला ते त्या दिवशी.

"पिकली," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं, आप्पा? बूच तर तसंच आहे," नवरा म्हणाला.

"मला कलतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आज घरून जेवून नाय निघालो."

मी कुकरमध्ये डाळ-भात लावलेला होता. नवरा चप्पल न घालता स्कूटरवर बसला आणि मटण आणायला गेला. मी कांदे चिरायला घेतले. बारा वर्षं मी ह्या माणसाला मनातल्या मनात जेवायला वाढत होते आणि मनातल्या मनात त्याच्या तोंडावर ताट आपटत होते. आणि आता मला मीठ किती घालायचं आठवेना. लेकीला तीनदा चव घ्यायला लावली. तीही वैतागली.

ताटं मांडली. मी वाढून बाजूला उभी राहिले. आप्पा हात धुऊन बसले, पण घास घेईनात.

"तो गोरा काय बोलला होता? पंगतीला बसून, ना?" ते म्हणाले. "मग तू पन बस."

मी बसले. नवऱ्याने बूच काढायला घेतलं, ते अर्धं तुटून आत पडलं. वाइन चहाच्या गाळणीने गाळून स्टीलच्या पेल्यांत ओतली. रंग काळपट, शिळ्या चहासारखा. मी वास घेतला. ना गुलाब, ना डांबर. मनुका आंबल्यासारखा आणि मागे व्हिनेगर. घोट घेतला. तुरटपणा गेला होता खरा, पण त्याच्याबरोबर सगळंच गेलं होतं. नवऱ्याने माझ्याकडे पाहून एक भुवई उडवली. मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं.

आप्पांनी मोठा घोट घेतला. डोळे मिटले. मग भाकरी मोडून रश्श्यात बुडवली आणि खाल्ली.

"पिकली," ते पुन्हा म्हणाले. "झकास पिकली."

त्यांनी पेला रिकामा केला. दोनदा रस्सा मागून घेतला. शेवटी ताट भाकरीने असं पुसलं की घासायला काही उरलं नाही. मला मनात हसू आलं. म्हटलं, एवढे चिकूतले दर्दी, पण ह्यातलं काही कळत नाही बिचाऱ्यांना. त्या वेळी मला एवढा आनंद झाला होता की त्यांचं अज्ञानही गोड वाटलं. पुढच्या रविवारी ते आले तेव्हा टोपली होती, पण शहाळं नव्हतं. आत येऊन बसले आणि चहा मागितला. मग पुढची चार वर्षं दर रविवारी आमच्याकडेच जेवले. मटणात मीठ कमी असलं तर तोंडावर सांगायचे.

आप्पा गेले त्यानंतर तेराव्याला मी चिखल्याला होते. बायका पांगल्यावर मी आणि थोरल्या जाऊबाई मागच्या अंगणात भांडी आवरत होतो. रडून रडून थकलो होतो, म्हणून उगीच हसण्यासारखं काहीतरी बोलायचं, तसं मी त्यांना त्या बाटलीचं सांगितलं. वाइन पार नासली होती आणि आप्पा झकास पिकली म्हणाले, कसे फसले बघा.

जाऊबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"फसले?" त्या म्हणाल्या. "अगं, त्याच्या आधीच्या उन्हाल्यात बूच वर आलेला, पेंढा सगला भिजलेला. आप्पांनी वास घेतला आनि बोलले, गेली ही. उतरली. मी बोलली, मग टाकून देते. तर बोलले, राहू दे. बूच दाबून परत ठेवली. आनि हिवाल्यात एक दिस सकाली उठून पंच्यात बांधायला लागले. मी बोलली, आप्पा, नासलेली बाटली घेऊन कुठं चाललाव? तर बोलले, ती आता 'जेवून जा' बोलायची बंद झाली. कायतरी हातात घेतल्याबिगर मी तिच्या दारात कसा उभा राहू?"